मांजर खोकतंय? गोळी नको, आधी शी तपासा



गेल्या श्रावणात आमची मनी गेली. रोगाने नाही, माझ्या हाताने गेली. लाज वाटते, पण लिहितो, म्हणजे दुसऱ्या कोणाच्या घरी असं होणार नाही.

मनीला महिनाभर खोकला होता. मान पुढे लांब करून, जमिनीला टेकून खोकायची. घरातले म्हणाले, बोंबलाचा काटा अडकला असेल. मी म्हटलं केस अडकले असतील. मग अंग गरम लागलं म्हणून तापाची अर्धी गोळी, पॅरासिटामॉल, दुधातून दिली. संध्याकाळपर्यंत हिरड्या तपकिरी पडल्या, तोंड सुजलं, श्वास लागला. सकाळी संपली. नंतर डॉक्टरांनी सांगितलं, माणसाची ही गोळी मांजराला विषच. मांजराच्या शरीराला ती पचवताच येत नाही.

पुढच्याच महिन्यात तिचं पिल्लू, काळू, तसंच खोकायला लागलं. या वेळी शहाणा झालो. तीन दिवस रोजची ताजी शी डबीतून दवाखान्यात नेली. तिसऱ्या दिवशीच्या शीत अळ्या दिसल्या. फुफ्फुसातले जंत!

आता हा जंत येतो कुठून? आपल्याकडे खाचरातल्या पाणगोगलगाईमुळे गुरांना लिव्हर फ्लूक होतो, हे आपल्याला ठाऊक आहे. त्यातलाच हा प्रकार, फक्त गोगलगाय बांधावरची. जंत मांजराच्या फुफ्फुसात राहतो, तिथेच अंडी घालतो आणि तिथेच ती फुटतात. अळ्या खोकल्याबरोबर घशात येतात, मांजर गिळतं, शीतून बाहेर पडतात. त्या गोगलगाईत शिरून वाढतात. मग उंदीर, पाल, बेडूक, पाखरू ती गोगलगाय खातं, आणि मांजर त्यांना खातं. साधारण पाच-सहा आठवड्यांत पुन्हा शीत अळ्या.

कोलाडला याला रानच मोकळं आहे. पावसाळ्यात ओल असतेच. त्यात भिऱ्याच्या वीजघरातून सुटलेलं पाणी कुंडलिकेतून डोळवहाळच्या बंधाऱ्यावर येतं, कालव्याने उन्हाळी भात होतं. म्हणजे एप्रिल-मेमध्येही बांध ओलेच. त्यावर ती मोठी शंखी गोगलगाय. मूळची पूर्व आफ्रिकेची, १८४७ साली मॉरिशसहून कलकत्त्याला आणली गेली. २०२२ ला लातूर, बीडकडे तिने सोयाबीनचं काय केलं ते सगळ्यांनी पाहिलं. ब्राझीलमध्ये याच गोगलगाईत मांजराच्या फुफ्फुसातल्या जंताच्या अळ्या सापडल्यात.

माझं म्हणणं एवढंच, तपासणीशिवाय औषध नको. कारण हा खोकला दम्यासारखाच दिसतो. दमा समजून इंजेक्शन दिलं की खोकला दबतो, जंत तसाच राहतो. बाजारातल्या जंताच्या सगळ्याच गोळ्याही यावर चालत नाहीत. आणि नेहमीच्या शेण तपासणीत अंडी शोधतात, इथे अंडी नसतातच, अळ्या असतात. म्हणून डॉक्टरांना आधीच सांगा, 'साहेब, अळ्या बघायच्यात.' सुपारीएवढी शी मलमलच्या फडक्यात बांधून कोमट पाण्याच्या निमुळत्या ग्लासात रात्रभर टांगायची. अळ्या तळाशी उतरतात, तळाचा थेंब दुर्बिणीखाली धरायचा. खर्च जवळजवळ नाही. अळ्या रोज पडत नाहीत, म्हणून तीन दिवसांची शी न्यायची. जमिनीवर फार वेळ पडलेली नको, मातीतले किडे घुसतात आणि गोंधळ होतो.

काळूला डॉक्टरांनी वजन करून फेनबेंडाझोल दिलं. हेच औषध आपण शेळ्यांना पाजतो. पण म्हणून शेळीच्या बाटलीतलं अंदाजाने ओतू नका, डोस डॉक्टरच ठरवतील. नंतर पुन्हा शी तपासली, साफ निघाली. आता बोका कणगीवर झोपतो, उंदीर जवळ येत नाहीत.

काही जण हसतील, मांजरासाठी कोण दवाखान्यात जातं? अहो, वर्षाचं भात ज्याच्या भरवशावर ठेवतो, त्याची किंमत आपण कधी मोजलीच नाही. गुरांची शिबिरं होतात, शेण तपासतात, तिथेच मांजराच्या शीची एक डबी घेतली तर काय बिघडतं? पशुवैद्यकीय खात्यातल्या मंडळींनी याचा विचार करावा.

गावचं मांजर शिकार करणारच, बांधून ठेवता येत नाही. पण एवढं करता येतं:

– मांजराची शी भाजीच्या वाफ्यात राहू देऊ नका, खोल पुरा.
– खाण्याची ताटली रात्री बाहेर ठेवू नका, गोगलगाई चढतात.
– गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटं संध्याकाळी बांधाशी टाका. सकाळी खाली जमलेल्या गोगलगाई मिठाच्या पाण्यात मारून पुरा.
– मेटाल्डिहाइडच्या गोळ्या परसात टाकू नका. कुत्रा-मांजर खाऊन मरतं.
– गोगलगाय उघड्या हाताने धरू नका, पालेभाजी नीट धुऊन खा. मांजराचा हा जंत माणसाला होत नाही, पण उंदराच्या फुफ्फुसातला दुसरा एक जंत गोगलगाईतून माणसाच्या मेंदूपर्यंत जातो.

खोकणारं मांजर दिसलं तर घरातल्या औषधाच्या डब्याला हात लावू नका. डबी घ्या, शी घ्या, दवाखाना गाठा. मनीच्या वेळी हे कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.