विश्लेषण : सोसायटीची खतावणी जुन्या ‘फॉक्सप्रो’तून बाहेर कशी पडणार?

मायक्रोसॉफ्टने ‘विंडोज १०’चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. ही बातमी पुण्या-मुंबईच्या आयटी कंपन्यांची वाटली, तरी शिरोळ तालुक्यातील एखाद्या विकास सेवा संस्थेच्या, दूध संस्थेच्या किंवा खत दुकानाच्या टेबलापर्यंत तिची झळ पोहोचते. काळ्या किंवा निळ्या पडद्यावर पांढरी अक्षरे, माऊसला हात न लावता ‘एंटर’ आणि ‘एस्केप’वर चाललेले काम, शेजारी करकरणारा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर हे दृश्य सहकारात अजून संपलेले नाही. त्यामागची भाषा बहुधा फॉक्सप्रो असते. ती लिहिणारे प्रोग्रामर आता निवृत्तीच्या वयाला आले आहेत आणि शेतकऱ्याचे कर्जखाते मात्र तिच्यातच आहे.

फॉक्सप्रो इतकी रुजली कशी?

नव्वदच्या दशकात संगणक महाग होते आणि इंटरनेट नव्हते. फॉक्सप्रो एका साध्या संगणकावर चालत असे. मूळ अमेरिकेतील फॉक्स सॉफ्टवेअर ही कंपनी मायक्रोसॉफ्टने १९९२ मध्ये घेतली. किर्द, खतावणी, तेरीज यांची कामे या भाषेत महिना-दोन महिन्यांत उभी राहत. प्रोग्रामर जवळपासच्या गावचा असे, सचिवांच्या शेजारी बसून प्रोग्राम लिही आणि ३१ मार्चला ताळेबंद जुळला नाही तर रात्री मोटारसायकलवरून येई. करारनामा, पुस्तिका, मूळ कोडची प्रत या गोष्टी क्वचितच मागितल्या गेल्या. आज जी अडचण आहे ती बरीचशी इथेच सुरू होते.

मायक्रोसॉफ्टने ‘व्हिज्युअल फॉक्सप्रो ९’ ही शेवटची आवृत्ती डिसेंबर २००४ मध्ये काढली आणि १३ जानेवारी २०१५ रोजी तिचाही आधार संपवला. प्रोग्राम बंद पडले नाहीत. त्यामुळे बदलण्याची निकडही कुणाला वाटली नाही.

मग आताच अडचण का?

इथे दोन प्रकार वेगळे करायला हवेत. व्हिज्युअल फॉक्सप्रोत लिहिलेले प्रोग्राम ३२ बिटचे आहेत, ते विंडोज ११ वरही सहसा चालतात. खरी पंचाईत डॉसच्या काळातील प्रोग्रामची आहे. ते चालवण्याची सोय विंडोजच्या फक्त ३२ बिट आवृत्तीत होती. विंडोज ११ केवळ ६४ बिटमध्ये मिळते, त्यामुळे ती वाट आता बंद झाली. शिवाय विंडोज ११ ला ठरावीक सुरक्षा चिप लागते, म्हणजे जुना संगणक तसाच पुढे नेता येत नाही. ‘डॉसबॉक्स’सारखे मार्ग आहेत, पण डॉसबॉक्स मुळात जुने खेळ चालवण्यासाठी तयार झाला, आणि पावती छापायची वेळ आली की त्याची मर्यादा कळते.

या भाषेच्या तऱ्हा जुन्या प्रोग्रामरांच्या गप्पांत नेहमी निघतात. नवा, वेगवान संगणक आणला की जुना फॉक्सप्रो सुरू होतानाच ‘शून्याने भागाकार’ अशी चूक दाखवून बंद पडे. कारण असे की सुरुवातीलाच तो संगणकाचा वेग मोजत असे आणि वेग इतका वाढेल याचा हिशेब लिहिणाऱ्यांनी धरला नव्हता. उपाय म्हणून एक छोटी दुरुस्ती घालावी लागे. दुसरी तऱ्हा पैशांची. आजच्या बहुतेक भाषांत ०.१ आणि ०.२ यांची बेरीज नेमकी ०.३ येत नाही. शेवटी कुठेतरी एक चार उगवतो, कारण संगणक दशांश अपूर्णांक द्विमान पद्धतीत साठवतो. खबरदारी घेतली नाही तर पैशापैशाचा फरक साचत जातो. १९५९ साली आकाराला आलेली कोबोल ही भाषा दशांशाचा हिशेब दशांशातच करते. बँकांनी ती अजून सोडलेली नाही, त्यामागे हेही एक कारण आहे. एप्रिल २०२० मध्ये अमेरिकेतील न्यू जर्सीच्या राज्यपालांना कोबोल जाणणाऱ्यांनी मदतीला यावे असे जाहीर आवाहन करावे लागले होते. करोनाकाळात बेरोजगार भत्त्याच्या अर्जांनी तेथील जुनी यंत्रणा कोलमडली होती.

एका आकड्याने ऊसबिल कसे बदलते?

शिरोळ हा उसाचा तालुका आहे. एफआरपी, काटा आणि रिकव्हरी यावर येथे जेवढी आंदोलने झाली तेवढी फार थोड्या ठिकाणी झाली असतील. काट्याची चर्चा खूप होते. बिल करणाऱ्या प्रोग्रामची मात्र फारशी होत नाही.

२०२५-२६ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलला ३५५ रुपये एफआरपी आहे आणि त्यावरील प्रत्येक ०.१ टक्क्याला ३.४६ रुपये जादा मिळतात. उतारा १२ टक्के धरला तर टनाला ३५५० अधिक ६०५.५० असे ४१५५.५० रुपये होतात. त्यातून तोडणी-वाहतूक वजा होते. आता पायाभूत उताऱ्याचा आकडा पाहा. २०१७-१८ पर्यंत तो ९.५ होता, २०१८-१९ पासून १० झाला आणि २०२२-२३ पासून १०.२५. चांगल्या प्रोग्राममध्ये हा आकडा वेगळ्या तक्त्यात असतो, दरवर्षी तेथे बदलला की झाले. घाईत लिहिलेल्या प्रोग्राममध्ये तो थेट सूत्रात, तोही चार-पाच ठिकाणी लिहिलेला असतो. एका ठिकाणी १० तसेच राहून गेले, तर वरच्याच उदाहरणात टनाला ८६.५० रुपयांचा फरक पडतो. ५० टन ऊस घालणाऱ्याच्या बिलात तो ४३२५ रुपये होतो. चूक शेतकऱ्याच्या बाजूने झाली तरी पुढे वसुलीचा वाद ठरलेलाच.

बिलाचा प्रवासही एका प्रोग्रामवर थांबत नाही. कारखान्याकडून रक्कम बँकेत, बँकेत सोसायटीच्या कर्जाची कपात, उरलेले शेतकऱ्याच्या खात्यावर. कारखान्याचा ऊस उत्पादक क्रमांक वेगळा, सोसायटीचा सभासद क्रमांक वेगळा. दोन्ही जुळवणारी यादी कुणीतरी हाताने सांभाळत असते. पीककर्जाची परतफेड मुदतीत झाली तर तीन लाखांपर्यंत व्याज शून्य. कपातीची नोंद एक दिवस मागे-पुढे झाली तरी सवलतीचा प्रश्न उभा राहतो, आणि तेव्हा जुन्या प्रोग्राममध्ये तारीख दुरुस्त करायची कशी हे ठाऊक असलेला माणूस शोधावा लागतो.

‘शिरोळ’ शोधले तर सापडत नाही, असे का?

फॉक्सप्रोच्या डीबीएफ फायली तशा सरळ असतात. तारीख वर्ष-महिना-दिवस अशा आठ अंकांत साठते, फाईल आजही लिबरऑफिसमध्ये उघडते. आकडे निघतात, अडते ते नावांपाशी.

युनिकोड सर्रास होण्यापूर्वी मराठी मजकूर ‘श्रीलिपी’सारख्या फॉन्टच्या आधारे टंकला जाई. तेथे संगणक अक्षर नव्हे, अक्षराचा आकार साठवत असे. ‘शिरोळ’ लिहिताना पडद्यावर ऱ्हस्व वेलांटी आधी दिसते, म्हणून ती आधी साठवली जाई, मग ‘श’. युनिकोडमध्ये आधी ‘श’, नंतर वेलांटी. माणसाला दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला ते दोन वेगळे शब्द. फॉन्ट काढून टाकला की त्याच जागी रोमन अक्षरे आणि चिन्हांचा काला उरतो. हे टाळण्यासाठी अनेकांनी नावे रोमन लिपीत ठेवली, तर एकच आडनाव तीन स्पेलिंगांनी आले. त्यातून आधारवरील नाव, सातबाऱ्यावरील नाव आणि सोसायटीतील नाव जुळवायचे. २०२५ पासून राज्यात योजनांच्या लाभासाठी शेतकरी ओळख क्रमांक आवश्यक झाल्याने ही जुळवणी टाळता येणारी नाही.

जुन्या नोंदींवर किती अवलंबून आहे?

नियमित कर्जफेड करणाऱ्यांना ५० हजारांपर्यंत प्रोत्साहनपर रक्कम देण्याची योजना २०२२ मध्ये राबवली गेली, तेव्हा २०१७-१८ ते २०१९-२० या तीन वर्षांतील परतफेड पाहिली गेली. म्हणजे लाभ कुणाला मिळणार हे जुन्या खतावणीने ठरवले. कोल्हापूर जिल्ह्याला याचा आणखी कडू अनुभव आहे. २००८ च्या केंद्राच्या कर्जमाफीतील सुमारे ११२ कोटी रुपये कर्जमर्यादेच्या मुद्द्यावर अपात्र ठरवले गेले आणि तो वाद वर्षानुवर्षे न्यायालयात चालला. ऑक्टोबर २०२५ मध्ये राज्य सरकारने कर्जमाफीचा निर्णय ३० जून २०२६ पूर्वी घेण्याचे जाहीर केले. निकष काहीही ठरले तरी याद्या सोसायट्यांच्याच नोंदींतून येणार.

केंद्राच्या योजनेने प्रश्न सुटेल?

प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणाला केंद्रीय मंत्रिमंडळ समितीने २९ जून २०२२ रोजी मंजुरी दिली. सुरुवातीला ६३ हजार संस्था आणि २५१६ कोटी रुपये असा आराखडा होता. नाबार्डच्या देखरेखीखाली सर्वांसाठी एकच ईआरपी प्रणाली असून नोंदी मध्यवर्ती ठिकाणी राहतात. दिशा योग्य आहे. गावातील एका प्रोग्रामरवर अवलंबून राहणे थांबते, बँकेशी जोडणी होते, लेखापरीक्षकाला सर्व संस्थांचे एकसारखे पत्रक मिळते.

पण नव्या प्रणालीत आरंभीची शिल्लक भरली म्हणजे इतिहास आला, असे होत नाही. मागील दहा-पंधरा वर्षांच्या नोंदी बहुतेकदा जुन्या संगणकातच राहतात. नव्याची स्वतःची कटकटही आहे : इंटरनेट गेले की काम थांबते, ओटीपी सचिवांच्या मोबाईलवर आणि सचिव बँकेत, वर्षअखेरीला सर्व्हर मंदावतो. जुना फॉक्सप्रो निदान वीज असली की चालत असे. काही ठिकाणी म्हणून दोन्हीकडे नोंद करण्याचा प्रकार चालतो. त्यात मेहनत दुप्पट जाते आणि दोन्हीकडचे आकडे वेगळे निघण्याची शक्यताही वाढते.

शिरोळपुरता एक मुद्दा आणखी गंभीर आहे. कृष्णा-पंचगंगेच्या या तालुक्याने २००५, २०१९ आणि २०२१ चे महापूर पाहिले. ज्या कार्यालयात पाणी शिरते तेथेच संगणक, तेथेच बॅकअपचा पेन ड्राईव्ह आणि तेथेच जुनी वहीखाती असतील, तर तिन्ही एकदमच जातात. डीबीएफ फायलींची संपूर्ण नक्कल सहसा एका पेन ड्राईव्हमध्ये मावते. ती तालुक्याबाहेर, शक्यतो दोन ठिकाणी ठेवायला खर्च जवळपास नाही. मूळ कोडची प्रत प्रोग्रामर हयात आणि संपर्कात असतानाच मागून घ्यावी लागते. सभासदालाही आपल्या कर्जखात्याचा उतारा आताच छापील स्वरूपात मागता येतो, आणि तो देताना जुना प्रिंटर चालतो की नाही हेही संस्थेला कळेल.