वाकणं आणि मोडणं



मजबूत म्हणजे न वाकणारं, असं आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. माणसांचं राहू द्या, पण पुलाखालच्या खांबांना हे लावू नये असं माझं मत आहे. मी बी.ए. मराठीवाला, तरी हे मुद्दाम लिहितोय.

खांब वाकला की एक बाजू दाबली जाते, दुसरी ताणली जाते. काँक्रीट दाब सोसतं, ताणाला मात्र तडकतं. म्हणून आत लोखंड घालतात. खाडीत घात होतो तो इथेच. लोखंड गंजलं की फुगतं आणि भोवतीचं काँक्रीट फोडतं. वाशीचा १९७३ साली सुरू झालेला पहिला खाडीपूल आठवा. आतल्या पोलादी तारा गंजल्या, अवजड वाहनं बंद करावी लागली आणि १९९७ साली शेजारी दुसरा पूल आला.

यावर एक उपाय असा: काचतंतू आणि रेझिनची नळी घ्यायची आणि तिच्यात काँक्रीट भरायचं. ताण नळी घेते, दाब काँक्रीट घेतं. नळी काँक्रीटला आवळून धरते, काँक्रीट नळीला चेपू देत नाही. जुन्या संसारासारखंच म्हणा! अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यात नॉटोवे नदीवरच्या पुलाला २००० साली असे खांब वापरले. त्याआधी तसे खांब वाकवून तपासलेही होते.

आता माझा मुद्दा. ही नळी गंजत नाही, पण पोलादाइतकी ताठ नसते, त्यामुळे खांब जास्त वाकतो. लोक त्यालाच दोष देतात. मला खरी काळजी दुसरीच वाटते. पोलाद तुटण्याआधी भरपूर लांबतं, म्हणजे आधी सांगून मग जातं. काचतंतू शेवटपर्यंत भार सोसतो आणि एकदम तुटतो. न सांगता जाणाऱ्यावर विसंबायचं, तर हाताशी शिल्लक जास्त ठेवायला हवी. म्हणजे त्याच्या ताकदीचा थोडाच भाग वापरायचा. तिथे काटकसर नको.

आपल्याकडे कंत्राट देताना पहिली किंमत बघतात. पन्नास वर्षांची डागडुजी कोणी मांडत नाही. ती मांडली तर खाऱ्या पाण्यात हा महाग खांब कदाचित स्वस्त पडेल. पण दोन प्रश्न आधी विचारावेत: किती टिकेल, आणि जाताना सांगून जाईल का?

असो. आपल्या घरात इंजिनियर बरेच आहेत. माझं कुठे चुकत असेल तर खाली जरूर लिहा.