आज्ञापालन आणि विवेक

ख्रिस्ती मनुष्यानें नित्याच्या व्यवहारांत ज्ञानानें व आज्ञापालनानें वाढावें, हा उपदेश व्यासपीठावरून वारंवार ऐकूं येतो. उपदेशाविषयीं आमची तक्रार नाहीं. तक्रार आहे ती त्याच्या वांटणीविषयीं. ज्ञान सांगणाराच्या वांट्यास आणि आज्ञापालन ऐकणाराच्या वांट्यास, अशी वांटणी प्रायः रूढ झालेली दिसते. मुलानें, सुनेनें, शिष्यानें, मंडळींतील सामान्य माणसानें आज्ञा पाळावी. ती योग्य कीं अयोग्य याचा विचार वडीलधाऱ्यांनीं व पाळकांनीं आधींच करून ठेवलेला असतो! आमच्या मतें ही वांटणी मूळ ग्रंथाच्याच विरुद्ध आहे.

लूककृत शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय पाहावा. बारा वर्षांचा येशू यरुशलेमच्या मंदिरांत गुरुजनांमध्यें बसून त्यांचें ऐकत होता, आणि त्यांना प्रश्नहि विचारीत होता. आईबाप शोधीत आले तेव्हां त्यांनाहि त्यानें प्रश्नच केला. आणि मग त्यांच्याबरोबर नासरेथास जाऊन तो त्यांच्या आज्ञेंत राहिला. तो ज्ञानानें वाढत गेला, हें विधान याच्या लगेच पुढें येतें. प्रश्न, आज्ञापालन आणि ज्ञानवृद्धि हीं तिन्हीं एकाच मुलाच्या ठिकाणीं, एकाच प्रसंगांत सांगितलीं आहेत. परंतु आज्ञेंत राहिल्याचें ५१ वें वचन मुलांकडून घोकून घेणारे ४६ व्या वचनापाशीं क्षणभरहि थांबत नाहींत.

हा केवळ वचनांच्या अर्थाचा वाद नव्हे. पंडिता रमाबाईंना तो प्रत्यक्ष लढावा लागला. १८८३ च्या सप्टेंबरांत इंग्लंडांतील वाँटेज येथें त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढें चेल्टनहॅमच्या कॉलेजांत असतां त्यांनीं पुरुष विद्यार्थ्यांस शिकवावें असा बेत निघाला, तेव्हां हिंदुस्थानांतील बिशपांनीं तें अनुचित ठरविलें, आणि नवदीक्षितेनें वडिलांचें ऐकावें अशी वाँटेजच्या भगिनींची अपेक्षा होती. रमाबाईंनीं उत्तर दिलें कीं, आपल्या वडिलांनीं किंवा पतीनें अशा शिकविण्यास कधीं हरकत घेतली नाहीं, ती इंग्रजांनीं घ्यावी याचें आश्चर्य वाटतें. आपल्या देशांतील पुरोहितांचें जूं मोठ्या कष्टानें उतरविल्यावर तसलेंच दुसरें मानेवर घेण्यास त्या तयार नव्हत्या. पुरोहित जें जें सांगेल ती देवाचीच आज्ञा, हें त्यांनीं मानलें नाहीं. १९७७ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पत्रव्यवहारांत हा सारा वाद आहे. जिज्ञासूंनीं तो मुळांतून वाचावा. भगिनी जेराल्डीन यांना त्यांत अहंकार दिसला. एका गुरूस सोडून दुसऱ्याची दासी झाली, असें इकडे म्हणणारांनाहि तीं पत्रें हेंच उत्तर आहेत.

यावर असा आक्षेप येईल कीं, ज्यानें त्यानें आपल्या बुद्धीनें आज्ञा पारखूं लागल्यास घराची व मंडळीची शिस्त राहणार कशी? आक्षेप पोकळ नाहीं. विवेकाचें नांव सांगून स्वतःची सोय पाहणारे लोक आम्हांसहि ठाऊक आहेत. परंतु विवेक आणि लहर यांतला भेद ओळखण्यास एक साधी कसोटी आहे. आज्ञा नाकारल्यानंतर मनुष्याच्या माथ्यावरचें ओझें हलकें झालें कीं जड झालें, तें पाहावें. रमाबाईंनीं बिशपांचा शब्द अंतिम मानला नाहीं. पण १८९६-९७ च्या दुष्काळांत त्या स्वतः मध्यप्रांतांत गेल्या आणि उपाशी, निराधार मुलींना आणून केडगांवच्या मुक्तिसदनांत त्यांनीं सांभाळलें. बायबल साध्या बायाबापड्यांना कळावें म्हणून उतारवयांत हिब्रू व ग्रीक भाषा शिकून त्यांनीं त्याचें सोप्या मराठींत भाषांतर केलें. १९२२ सालीं त्या वारल्या. तें संपूर्ण भाषांतर १९२४ सालीं बाहेर पडलें, आणि त्याचे खिळे जुळविण्यापासून छपाईपर्यंतचें काम मुक्तिसदनाच्या छापखान्यांत तेथील स्त्रियांनीं केलें. ज्यांना त्या उद्धट वाटल्या, त्यांपैकीं कितीजणांनीं देवाची आज्ञा इतकी वर्षें आणि इतक्या बारकाईनें पाळली असेल?

तेव्हां शिस्तीचा मार्ग प्रश्न बंद करणें हा नव्हे. मुलानें ‘कां?’ म्हणून विचारलें तर ‘मी सांगतों म्हणून’ हें उत्तर सुशिक्षित घरांतून अजून सर्रास मिळतें. रविवारीं देवळांत भक्तीनें मान लवविणाऱ्या घरांतूनहि मिळतें. असें उत्तर मिळालेला मुलगा आज्ञा पाळील, पण आज्ञा देणारा पाठमोरा होईपर्यंतच. पुढें नोकरींत वरिष्ठानें खोट्या हिशेबावर सही करण्यास सांगितलें, तर तो तीहि निमूटपणें करील. कारण सांगणारा कोण एवढेंच पाहण्यास तो शिकलेला असतो. त्या सहीचा दोष एकट्या त्याच्यावर टाकतां येणार नाहीं. ज्यानें ‘कां?’ विचारून आणि कारण समजून आज्ञा पाळली, त्याला मात्र त्या वेळीं नाहीं म्हणण्याचें बळ येतें. आपल्या घरांतून यांपैकीं कोणतीं मुलें बाहेर पडावींत, हें आईबापांनीं व पाळकांनीं पुढच्या उपदेशापूर्वीं ठरवावें.