परक्या तणांचा खर्च कोणी सोसायचा?

बेट म्हटले की समुद्र डोळ्यांपुढे येतो, आणि समुद्र तर जळगाव-धुळ्यापासून फार दूर. तथापि शेते, रस्ते व वस्त्या यांनी वेढलेले जंगलही जीवसृष्टीच्या दृष्टीने बेटच ठरते. बेट जितके लहान व एकाकी, तितक्या तेथे टिकणाऱ्या जाती कमी, हा मॅकआर्थर व विल्सन या अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९६७ साली मांडलेला सिद्धांत पुढे अशा तुटलेल्या जंगलांनाही लावण्यात आला. सातपुड्याच्या पायथ्याची यावल व अनेर धरण ही अभयारण्ये याच वाटेवर आहेत.

शतकाहून अधिक काळ कोणाला न दिसलेला रानपिंगळा १९९७ साली शहाद्याजवळ, म्हणजे तेव्हाच्या धुळे जिल्ह्यात, पुन्हा आढळला. मोकळ्या सागवनात फांदीवर बसून जमिनीवरील सरडे-उंदीर टिपणारा हा पक्षी. त्याचा मोठा शत्रू जंगलतोड व अतिक्रमण हाच, हे मान्य केले पाहिजे. परंतु तोडलेल्या जागी घाणेरीची जाळी माजली, तर उरलेल्या जंगलातही त्याला भक्ष्य दिसणे कठीण.

ही घाणेरी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी शोभेचे झुडूप म्हणून कलकत्त्यास आणली गेली. गाजरगवताची नोंद १९५५च्या सुमारास पुण्यात झाली. परदेशी गव्हाबरोबर ते आले, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. तसे असल्यास हिशेब मोठा विचित्र आहे. गहू खाल्ला शहरांनी आणि निंदणीची मजुरी पडली कोरडवाहू शेतकऱ्याच्या अंगावर! गुरे या गवताला तोंड लावीत नाहीत. त्वचारोग व दम्याचा भुर्दंड निराळाच. २०१८ साली कर्नाटकात प्रथम दिसलेल्या अमेरिकी लष्करी अळीचेही तेच. खानदेशातील मका उत्पादकाला तिच्यापायी फवारणीचा जादा खर्च सोसावा लागला. तो त्याने मागायचा कोणाकडे?

जैवविविधतेविषयीच्या आंतरशासकीय मंचाने २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार, परक्या आक्रमक जातींमुळे २०१९ साली जगाला ४२३ अब्ज डॉलरहून अधिक भार सोसावा लागला. त्यापैकी ९२ टक्के निव्वळ नुकसान. बंदोबस्तावरील खर्च अवघा ८ टक्के. कारण उघड आहे. नुकसान असंख्य घरांत विभागले जाते, म्हणून त्याचा आवाज होत नाही. प्रतिबंधाचा खर्च मात्र एकाच खात्याच्या अंदाजपत्रकात ठळक दिसतो आणि काटकसरीची कात्री प्रथम त्यावरच चालते.

गाजरगवत फुलावर येण्यापूर्वी उपटले तरच उपयोग. एकेक झाड हजारो बिया टाकते. मेक्सिकोहून आणून १९८४ साली सोडलेले भुंगे त्याची पाने खातात, पण त्यांचा जोर पावसाळ्यापुरताच. तेव्हा अभयारण्यांच्या कडेच्या गावांत पहिल्या पावसानंतरच्या आठवड्यांत हे काम रोजगार हमीतून काढावे, आणि त्याची मंजुरी जिल्हा प्रशासनाने उन्हाळ्यातच देऊन ठेवावी. दिवाळीनंतर आलेल्या निधीतून वाळलेली झाडे तेवढी उपटली जातील.