हॉस्टेलच्या टाकीला कोणतं कार्ड?

शहरात रूम शोधताना आपले प्रश्न ठरलेले असतात. भाडं किती, डिपॉझिट किती, वायफाय आहे का, रात्री गेट किती वाजता बंद होतं. पाण्याबद्दल एकच प्रश्न, ‘आरओ आहे ना?’ समोरून ‘हो’ आलं की विषय संपतो. खरं तर तो तिथून सुरू व्हायला हवा.

जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात गुलेन बॅरी सिंड्रोमचे, म्हणजे ‘जीबीएस’चे रुग्ण अचानक वाढले. सर्वाधिक फटका सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी या भागाला बसला. राज्यातल्या संशयित रुग्णांचा आकडा दोनशेच्या पुढे गेला, काही जण दगावले. जीबीएस एकाकडून दुसऱ्याला होत नाही. पण त्याच्या आधी बऱ्याचदा पोटाचा संसर्ग होऊन गेलेला असतो. पुण्यातल्या काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू आणि नोरोव्हायरस सापडला. दोघंही दूषित पाण्यातून आणि अन्नातून पोटात जातात. जुलाब थांबतात, पण जंतूंशी लढायला उठलेली प्रतिकारशक्ती आपल्याच मज्जातंतूंवर उलटते. आधी पायाला मुंग्या येतात, मग जिना चढवत नाही आणि काहींना थेट व्हेंटिलेटर लागतो.

नांदेड, किरकटवाडी ही गावं २०२१ मध्ये महापालिकेत आली. टॉवर उभे राहिले, पीजी आले, मेस आल्या. नांदेडच्या विहिरीचं पाणी मात्र शुद्धीकरण प्रकल्पातून न जाता, नुसता क्लोरीनचा डोस देऊन घरोघरी जात होतं. खडकवासला धरण तिथून हाकेच्या अंतरावर. ‘धरण उशाला, कोरड घशाला’ असं आपण म्हणतो. इथे घशाला कोरड नव्हती, पण घशाखाली काय उतरतंय याची खात्री नव्हती.

मग जार घ्यायचा? साथीच्या काळात महापालिकेने खासगी आरओ केंद्रांचंही पाणी तपासलं. अनेक ठिकाणचं पाणी पिण्यायोग्य नव्हतं, काही केंद्रांना सील लागलं. कारण साधं आहे. आरओ मशीनमधला कार्बन फिल्टर पाण्यातला क्लोरीन काढून टाकतो. मशीनमधून बाहेर पडणारं पाणी चांगलं असेलही, पण ते मळक्या जारमध्ये किंवा महिनोन्‌महिने न धुतलेल्या कूलरमध्ये साठलं, की त्यात जंतूंना अडवणारं काहीच उरत नाही. म्हणजे पैसे मोजून घेतलेलं पाणी सुरक्षितच असेल, असं नाही.

कुणी म्हणेल, शुद्ध पाणी देणं पालिकेचं काम, आम्ही काय करणार? काम पालिकेचंच आहे आणि त्याचा जाब विचारलाच पाहिजे. पण पालिकेचं पाणी गेटपर्यंत येतं. तिथून पुढची जमिनीखालची टाकी, गच्चीवरची टाकी आणि कूलर ही मालकाची नाहीतर कॉलेजची जबाबदारी. या हद्दीत कुणीच काही विचारत नाही.

आपल्यापैकी अनेक जण ज्या गावांतून येतात, तिथे पाण्याच्या स्रोतांची पाहणी होते आणि ग्रामपंचायतीला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड मिळतं. जलसुरक्षक ओटी टेस्ट करतो. नळीत पाणी घ्यायचं, द्रावणाचे थेंब टाकायचे. पाणी पिवळं झालं की क्लोरीन आहे. नळाच्या पाण्यात तो लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम तरी असायला हवा. गावातली ही व्यवस्था परिपूर्ण नाही, कागदावरची कार्डंही असतात. पण निदान बोट दाखवायला एक कार्ड तरी असतं. शेकडो मुलं-मुली पाणी पितात त्या हॉस्टेलला कोणतं कार्ड? बहुतेक ठिकाणी काहीच नाही.

म्हणून मागणी नेमकी हवी. टाकी शेवटची कधी धुतली, ती तारीख टाकीवर लिहा. नळाची क्लोरीन टेस्ट करून निकाल नोटीस बोर्डावर लावा. कूलरच्या पाण्याचा प्रयोगशाळेतला अहवाल मागितल्यावर दाखवा. सायन्सच्या मुलांनी मनात आणलं तर क्लोरीनची टेस्ट एनएसएसच्या एका उपक्रमात बसते. फेस्टच्या बजेटपुढे तिचा खर्च काहीच नाही.

आणखी एक सवय बदलायला हवी. पोट बिघडलं की आपण मेसवाल्याला शिव्या देतो, मेडिकलमधून गोळी आणतो आणि गप्प झोपतो. शेजारच्या रूममधला पण तेच करतो. प्रत्येकाचं दुखणं सुटं राहतं आणि साथ आहे हे कुणाच्या लक्षातच येत नाही. एकाच आठवड्यात विंगमधल्या चौघा-पाचजणांना जुलाब झाले, तर डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा आणि वॉर्डनला लेखी कळवा. पाण्याची तपासणी होईपर्यंत पाणी उकळूनच प्या. जुलाबानंतर हातापायांतली ताकद गेल्यासारखी वाटली, तर परीक्षा संपायची वाट न पाहता हॉस्पिटल गाठा.

अ‍ॅडमिशनच्या वेळी आपण कॉलेजचा नॅक ग्रेड बघतो, प्लेसमेंटचे आकडे विचारतो. त्याच काउंटरवर पाण्याचा अहवाल मागणारे दहा जण जरी निघाले, तरी टाकीचं झाकण उघडून बघणं कुणाला तरी भाग पडेल.