वीतभर पट्टीचे मोल

गळिताचा हंगाम सुरू झाला की बीड व मराठवाड्याच्या अन्य भागांतून ऊसतोड मजुरांचे तांडे कोल्हापूर जिल्ह्यात उतरतात आणि कारखान्यांच्या परिसरात कोपींच्या वसाहती उभ्या राहतात. पहाटे फडात जाणाऱ्या या मजुरांत अंगावर पिणारी मुले असलेल्या माता असतात, गरोदर स्त्रियाही असतात. दूध आणि गूळ यांसाठी महाराष्ट्रभर नावाजलेल्या या जिल्ह्यात ज्यांच्या श्रमावर साखरेचे पोते भरते, त्यांच्या लेकरांच्या अंगी किती मांस आहे, हे पाहणे कोणाचे काम, असा आमचा प्रश्न आहे.

हे पाहण्यास मोठी यंत्रसामग्री लागते, असा समज असेल तर तो सोडून द्यावा. बालकाच्या डाव्या दंडाच्या मध्यभागी गुंडाळण्याची एक रंगीत पट्टी पुरते. सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या बालकाच्या दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरांहून कमी भरला तर कुपोषण तीव्र समजावे. साडेबारापर्यंत भरला तर मध्यम. एक ते पाच वर्षांच्या काळात निरोगी मुलाचा दंड फारसा वाढत नाही. म्हणून जन्मतारखेचा दाखला नसला तरी अडत नाही. आपल्याकडे चार सेंटिमीटर व्यासाची बांगडी कोपराच्या वर सरकते की नाही, हे पाहण्याची रीत वैद्यकीय ग्रंथांत नमूद आहे. त्या बांगडीचा घेर जवळजवळ साडेबाराच भरतो. कासाराच्या दुकानातली वस्तूही शास्त्राच्या कामी येते ती अशी.

सहा महिन्यांखालील तान्ह्यांचा प्रश्न मात्र दीर्घकाळ उपेक्षित होता. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ च्या मार्गदर्शनात दीड ते सहा महिन्यांच्या बाळांसाठी अकरा सेंटिमीटरांची मर्यादा सांगितली. या वयाचे बाळ आणि त्याची आई यांचा विचार एकत्रच केला पाहिजे. बाळाचे अन्न म्हणजे आईचे दूध. ती फडात असताना बाळाला पाजावे कोणी? गरोदरपणी वजन वाढतेच, त्यामुळे केवळ वजनावरून स्त्रीची खरी प्रकृती कळत नाही. दंड त्या मानाने फारसा बदलत नाही. तो तेवीस सेंटिमीटरांहून कमी भरल्यास तिच्या आहाराकडे लक्ष पुरवणे अगत्याचे होय.

पट्टी सर्वज्ञ नाही, हेही सांगितले पाहिजे. ती आवळून धरली की घेर खोटा येतो. पायांवर सूज असलेले बालक तिच्या मापातून निसटू शकते. त्यासाठी दोन्ही पावलांवर अंगठा दाबून खळगा राहतो का, हे पाहावे लागते. काही रोडावलेली मुले उंचीच्या मानाने वजन घेतल्यावाचून सापडत नाहीत. पट्टी ही पहिली चाळण आहे, निदानाचा शेवटचा शब्द नव्हे. परंतु साधे साधन शिकवलेल्या हातांत पडले म्हणजे काय घडते, हे गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी दाखवून दिले आहे. गावातल्याच स्त्रियांना नवजात बालकांची काळजी शिकवून तेथील नवजात मृत्यूंचे प्रमाण निम्म्याहून खाली आणल्याचा त्यांचा शोधनिबंध १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला.

आक्षेप दोन घेतले जातील. पहिला, मोजून पोट भरते काय? भरत नाही, पण ज्याची मोजणीच झाली नाही, त्याच्या वाट्याला उपचारही येत नाही. दुसरा, ही माणसे परजिल्ह्यातील, त्यांची नावे गावच्या अंगणवाडीत. नाव गावी असेल, बाळ मात्र येथे आहे. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील २५.६ टक्के बालके उंचीच्या मानाने कृश आढळली. अशा राज्यात जिल्ह्याच्या हद्दीचा आडोसा घेणे शोभत नाही.

यास्तव आमची मागणी मोजकी आहे. हंगामाच्या पहिल्या पंधरवड्यात आशा व अंगणवाडी सेविकांनी प्रत्येक वसाहतीत माता आणि बालके यांचे दंड मोजावेत. मुकादमांकडील याद्या व जाण्यायेण्याचे वाहन कारखान्यांनी पुरवावे. ज्या मातेला बाळ घेऊन रुग्णालयात जावे लागेल, तिची त्या दिवसाची मजुरी बुडू नये. कारण उचल फेडण्याच्या ओझ्याखाली असलेली आई मजुरीचा खाडा परवडत नाही म्हणूनच बाळाचे दुखणे अंगावर काढते. हंगाम संपताना पुन्हा माप घ्यावे व त्याची नोंद कुटुंबाबरोबर गावी पाठवावी.

कारखान्याच्या काट्यावर उसाची प्रत्येक गाडी किलोपर्यंत तोलली जाते. तो ऊस तोडणाऱ्या आईचे लेकरू त्याच आवारात एकदाही न मोजता राहावे, हे शाहू महाराजांच्या करवीरनगरीने यापुढे चालू देता कामा नये.