मिश्रणाचा सांधा

बिदरीची सुरई आमच्या वाचकांनी पाहिली असेलच. सुमारे १६ भाग जस्त व १ भाग तांबे वितळवून तिचा देह ओततात. मग नक्षी कोरून खोबणीत चांदीची तार ठोकून बसवितात. शेवटी किल्ल्यातील माती व नवसागर यांचा लेप दिला म्हणजे धातू काळाभोर होतो, चांदी मात्र उजळच राहते. येथे जस्त व तांबे एकजीव झाले. चांदी एकजीव न होता केवळ खोबणीच्या पकडीने नांदते.

मिश्रणाचे हे दोन्ही मार्ग आज प्लास्टिकच्या कारखानदारीतही चालतात. पॉलिस्टायरीन काचेसारखे ठिसूळ. परंतु त्यात रबराचे सूक्ष्म कण विखुरले म्हणजे तड्याचा जोर त्या कणांपाशी विरतो. १९०७ साली बेकलंड यांनी शोधलेल्या बेकेलाइटलाही लाकडाचे पीठ घालून बळकटी आणीत असत.

तथापि सर्वांचेच असे जमत नाही. दुधाच्या पिशवीचे पॉलिथिलीन व विणलेल्या गोणीचे पॉलिप्रॉपिलीन ही भावंडेच म्हणावीत. पण एकत्र वितळविली तरी निवताना ती अलग होतात आणि वस्तू नेमकी त्या सांध्यावर तुटते. दोघांशीही जुळणारे तिसरे द्रव्य घालावे, तेव्हा समेट होतो. (घरी कोंकणी, वर्गात मराठी, बाजारात कन्नड व दखनी बोलणाऱ्या आम्हांस त्या तिसऱ्या द्रव्याविषयी थोडा आपलेपणा वाटतो!)

येथवर आम्ही रसायनशास्त्रज्ञांचे कौतुकच करू. आमची तक्रार आहे ती चकचकीत पुडीविषयी. प्लास्टिकचे निरनिराळे थर आणि पुष्कळदा ॲल्युमिनियमचा पातळ थर चिकटवून ती बनते. आत दमट हवा शिरत नाही, चिवडा कुरकुरीत राहतो. हा गुण आम्ही नाकारीत नाही. पण बिदरीतील चांदी उचकटून काढता येते. पुडीचे थर सोडविणे कोणासही परवडत नाही. जोडताना सोडविण्याचा विचार ज्याने केला नाही, त्याच्या मालास 'सुधारलेला' म्हणावयास आम्ही तयार नाही. डांबरात मिसळून त्याचे रस्ते करावेत, असे कोणी म्हणतील. करावेत, परंतु रस्त्यात गेलेली पुडी पुन्हा पुडी होत नाही.

यंदा स्नेहसंमेलनानंतर मुलांनी पटांगण झाडून काढले. भंगारवाल्याने दुधाच्या पिशव्या तोलून घेतल्या. पुड्यांचे पोते त्याने हाताने चाचपले आणि परत दिले. ते अद्याप शाळेच्या व्हरांड्यात पडून आहे.